बाळकूम ते कांबा, मडगार्डवर बसून

तुम्ही केलेला सगळ्यात मोठा प्रवास कुठला, असं कुणी विचारलं तर मी काश्मीर सांगत नाही, चारधामही सांगत नाही. बाळकूम ते कांबा सांगते. लोक हसतात. हसू देत. बाळकूम ठाण्याच्या एका टोकाला आणि कांबा कल्याणच्या पलीकडे, मुरबाड रोडवर. बस-रिक्षा बदलत गेलं तरी माणूस दोन-अडीच तासांत पोचतो. मला सबंध दिवस लागला, तोसुद्धा एका म्हाताऱ्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून, वयाच्या साठाव्या वर्षी, खाली सोफ्याची उशी घेऊन.

वर्तकनगर, बुधवार

आधी ओळख करून देते. मी मंदा. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तीस वर्षं टूलरूमचं स्टोअर सांभाळलं. सही केल्याशिवाय माझ्याकडून कुणी साधा पाना नेलेला नाही, आणि परत आणला नाही तर त्याला मी सुखाने डबा खाऊ दिलेला नाही. हे लक्षात ठेवा, पुढे माझी फजिती व्हायची आहे.

माहेर कांब्याजवळचं. तिथे आमची सव्वा एकर भातशेती, सात छोटी खाचरं, आणि ती कसणारा माझा मोठा भाऊ, दादा. हिवाळ्यात दादाच्या उजव्या खुब्याचं ऑपरेशन झालं. त्याआधीच त्याने बैलजोडी विकून टाकलेली. आता चालतो, पण काठी टेकत. बैलांच्या मागे चिखलात दिवसभर चालणं संपलं. पॉवर टिलर घे म्हटलं तर त्याच्याही मागे चालावंच लागतं. शेजारच्या हिरूची बैलजोडी त्याच्याच शेताला जेमतेम पुरते. गावातला भाड्याचा ट्रॅक्टर एवढा दांडगा की आमच्या खाचरात नुसता वळला तरी दोन बांध फुटतात. आणि इकडे एक गोदामवाला रोज फोन करतोय. काका, जमीन द्या, पत्र्याचं गोदाम बांधतो, घरबसल्या भाडं खा.

"आखितीपर्यंत बघतो," दादा मला फोनवर म्हणालेला. "आखितीला शेतात औत लागलं तर लागलं. नाय तर त्याला हो बोलून टाकतो. पडीक जमिनीकडे बघत बसायला मला नाय जमायचं, मंदे."

आखिती म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी शेतात पहिलं तास मारतात. तास म्हणजे नांगराची एक सलग रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक मारलं तरी चालतं, पण मारायचं. यंदा आखिती शनिवारी होती, आणि माझा दादा बोलेल ते करणारा माणूस आहे. माझी झोप उडाली ती उडालीच.

तोडगा काढला गायकवाड मिस्त्रींनी. हे आमच्याच कारखान्यातले फिटर, मूळचे साताऱ्याकडचे, आता निवृत्त होऊन वागळे इस्टेटच्या चाळीत राहतात. कुठलंही बंद पडलेलं यंत्र दिसलं की यांना मायेचं भरतं येतं. त्यांनीच बाळकूमला एका आगरी म्हाताऱ्याच्या अंगणात हा ट्रॅक्टर हेरला. अरुंद, बुटका, दोन सिलिंडरचा, वयाने माझ्याहून थोडासाच लहान. आमच्या खाचरात बांध न फोडता वळेल असा. मुख्य म्हणजे बसून चालवायचा. व्यवहार झाला, कागद आमच्या ह्यांनी भिंगाखाली धरून वाचले, आणि मिस्त्री तीन आठवडे त्या अंगणात तळ ठोकून बसले. पूर्वी तो नुसता हँडल मारून सुरू व्हायचा. मिस्त्रींनी त्याला कुठूनसा सेल्फ आणून बसवला. "बटन दाबायचं की सुरू! दादांना हँडल मारायला नको," असं ते इतक्यांदा म्हणाले की शेवटी मी म्हटलं, अहो कळलं हो.

"टेम्पोत घालून पाठवू या की," बुधवारी आमच्या वर्तकनगरच्या घरी बेत ठरत असताना आमचे हे म्हणाले.

"टेम्पोत?" मिस्त्री एकदम दुखावले. "साहेब, नवरदेवाला कधी टेम्पोत घालून नेत्यात का? आणि रस्त्यावर चालला तरच शेतात चालंल."

झालं. वरात चालतच निघायची ठरली. मोबाईलच्या नकाशाने सव्वा तास दाखवला. बिचारा नकाशा!

बाळकूम, शुक्रवार सकाळ

ट्रॅक्टरचे मालक बाळाराम नाना. पंचाहत्तरी गाठलेले, अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल. अंगणाच्या तीन बाजूंनी पंचवीस-पंचवीस मजल्यांचे टॉवर, मधे नानांचं बसकं घर आणि आंब्याखाली तो लाल ट्रॅक्टर.

"माजे बापानी घेतलेला ह्यो," नाना बॉनेटवरून हात फिरवत म्हणाले. "आमचे भाताचे भारे वरले, गवताचे भारे वरले. पोराची वरात पन यावरशीच कारली. आता शेत कंचा, न् कंचा काय. उभा हाय नुसता. तुजे भावाकरं राबंल तरी."

नानांच्या बायकोने ट्रॅक्टरला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि आम्हाला जेवल्याशिवाय हलू दिलं नाही. सकाळी साडेआठला जेवण! तांदळाची लुसलुशीत भाकरी आणि सुकटीचं झणझणीत कालवण. आमचे हे शुक्रवार पाळतात. कालवणाचा वास आला आणि ह्यांना वाराचा विसर पडला. "आज गुरुवारच ना?" असं मला विचारून दोन भाकऱ्या चापल्या.

निघताना मिस्त्री बटणाकडे हात नेणार, तेवढ्यात नाना म्हणाले, "थांब. आज मी करतो."

त्यांनी पुढच्या भोकात हँडल घातलं, पाय रोवले, आणि एकच झटका. धड, धड, धडधडधड! आंब्यावरचे कावळे उडाले, टॉवरच्या गॅलऱ्यांत माणसं आली. नानांनी हँडल काढलं, टॉवेलात गुंडाळलं आणि मागे न बघता घरात गेले. मला वाटलं, डोळे पुसायला गेले असतील. माझेही भरून आलेले. मी मडगार्डवर चढले, उशी सारखी केली, आणि निघालो.

कशेळीचा पूल आणि त्यापुढचं गेट

ताशी बारा किलोमीटरने जाण्यात काय मजा आहे ते गाडीवाल्यांना नाही कळायचं. पाववाल्याची सायकल आमच्या पुढे गेली. जाताना त्याने मागे वळून हात केला. आमचे हे स्कूटरवरून मागे, डिकीत थर्मास आणि डिझेलचा कॅन, चेहरा असा की या बाईला मी ओळखत नाही. कशेळीच्या पुलावर खाडीचा वारा लागला. लग्न होऊन ठाण्याला आले त्याला पस्तीस वर्षं झाली, हजारदा या पुलावरून गेले असेन, पण खाली खारफुटीत पांढरे बगळे बसतात आणि ओहोटीला होड्या कुशीवर निजतात हे मला मडगार्डवर बसल्यावर दिसलं. बसच्या खिडकीतून कठडा दिसतो फक्त.

पुलापलीकडे भिवंडीची हद्द आणि गोदामांचं राज्य. डावीकडे गोदाम, उजवीकडे गोदाम, मागे गोदाम. मधेच एखादा बहावा पिवळाधमक फुललेला, तोही भिंतीवरून डोकावणारा. उद्या दादाने हो म्हटलं तर आमच्या सात खाचरांचं हेच होणार.

अशाच एका गेटजवळ एक वॉचमन खुर्चीतून ताडकन उठला आणि रस्त्यातच आडवा आला.

"थांबवा, थांबवा! अरे, हा अजून चालतो? आमच्या चुलत्याकडे असाच होता!"

साठीचा माणूस, निळा युनिफॉर्म, डोळे लहान मुलासारखे. चहा घेतल्याशिवाय सोडेना. मिस्त्रींनी ऐटीत इंजिन बंद केलं. बटन आहे ना आता!

चहा पिताना कळलं की गोदामाची ही जमीन त्याचीच. भाडं येतं, शिवाय गेटवरचा पगार येतो.

"मग बरं चाललंय की," हे म्हणाले.

"बरंच चाललंय," तो म्हणाला. "कमी काय नाही. इथे, तुम्ही उभे आहात ना, इथे विहीर होती आमची. घरात बसून करमत नाही, म्हणून गेटवर बसतो. जमिनीवर तरी बसल्यासारखं वाटतं."

तो हसत होता, म्हणून मीही हसले. पण चहा कडू लागला.

निघायला वळलो. मिस्त्रींनी बटन दाबलं. घुर्र. परत दाबलं. घुर्र. तिसऱ्यांदा दाबून धरलं, आणि बॉनेटखालून निळा धूर निघाला. मिस्त्रींचा लाडका सेल्फ जळला.

"हरकत नाही," मी म्हटलं. "हँडल काढा."

मिस्त्रींनी सीटखाली बघितलं. पेटीत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "मॅडम, ताबा तुम्ही घेतला ना?"

तीस वर्षं! तीस वर्षं पान्यापान्याला सही घेणारी मी, आणि सबंध ट्रॅक्टर यादी न तपासता घेऊन आले. आमचे हे तेवढ्यासाठीच जन्माला आल्यासारखे म्हणाले, "सही घेतलीस का गं?"

गोदामातल्या सहा हमालांनी ढकलून पाहिलं. चढ होता, ट्रॅक्टर भुक्क करून थांबला. एका टेम्पोवाल्याने नायलॉनचा दोर लावून ओढलं. दोर तुटला आणि टेम्पोवाला हात जोडून निघून गेला. शेवटी मी नानांना फोन लावला.

"नाना, हँडल तुमच्याकडे राहिलं वाटतं."

"राहिला नाय गो बाय. ठेवला."

"ठेवला म्हणजे?"

"दावा हाय तो. जनावर इकला तरी दावा कोन देता का? गोठा बसता त्या घराचा. तुमचेकरं नाय काय ही रीत?"

आहे ना! आमच्याकडेही आहे. बैल विकला तरी त्याचं दावं, म्हणजे गळ्यातला दोर, घरातच ठेवायचं. घेणाऱ्याने आपलं दावं आणायचं आणि नेताना ते बांधायचं. दावं गेलं तर गोठ्यातली बरकत जाते म्हणतात. दादानेही बैल दिले तेव्हा दोन्ही दावी काढून खुंटीला टांगली होती, ती मी डोळ्यांनी पाहिलेली. पण म्हणून ट्रॅक्टरचं हँडल? मला राग आला, मग हसू आलं, मग नानांच्या रिकाम्या अंगणातली ती आंब्याखालची तेलाचे डाग पडलेली चौकोनी भुई डोळ्यांपुढे आली.

"आमच्या सातारकडंबी असंच हाय," मिस्त्री हळूच म्हणाले.

"बरोबर आहे त्यांचं," वॉचमननेही मत दिलं. माझ्या बाजूने कुणीच नाही!

"नाना," मी म्हटलं, "उद्या आखिती. औत नाही लागलं तर दादा जमीन गोदामाला देणार. मी आत्ता अशाच एका गोदामासमोर उभी आहे."

नाना एवढंच म्हणाले, "थांब तिथंच."

पाऊण तासाने रिक्षा आली. नाना उतरले, आता अंगात इस्त्रीचा शर्ट, काखेत टॉवेलाची गुंडाळी. कुणाशी न बोलता हँडल घातलं, झटका मारला. धडधडधड! हमालांनी टाळ्या वाजवल्या. मी हात पुढे केला. नानांनी हँडल टॉवेलात गुंडाळून परत काखेत मारलं.

"चालू करून दिला. दावा नाय देनार," ते म्हणाले. "आता भावाचे दारात जाईपरत बंद करू नको." आणि त्याच रिक्षात बसून गेलेसुद्धा! असा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. मिस्त्री म्हणाले, सोमवारी वागळे इस्टेटला नवीन हँडल घडवून देतो, एक नंबर. पण सोमवारी आखिती नव्हती.

कल्याण, न थांबता

मग कोन, दुर्गाडीचा पूल, लालचौकी, शहाड, सगळं इंजिन न बंद करता. सिग्नलला लोक म्हणायचे, बंद करा हो, कान फुटले. आम्ही म्हणायचो, पेशंट आहे. डिझेल संपत आलं तेव्हा बाजूला घेऊन, आमच्या ह्यांनी कॅनमधून, देवाचं नाव घेत ओतलं. एका ट्रॅफिक हवालदाराने अडवलं, कागद मागितले, ते व्यवस्थित होते. मग खालच्या आवाजात विचारलं, "केवढ्याला घेतलात?" त्याचंही गावाकडे दोन एकर होतं.

माझी नणंद लालचौकीजवळ राहते. ती रस्त्यावर डबा घेऊन उभी होती. मिस्त्रींनी वेग कमी केला, ती चार पावलं बाजूने पळाली, डबा माझ्या हातात आला. "वहिनी, खाली तरी उतरा!" ती ओरडत राहिली. ठाण्यात पाहुणा दारावरून न थांबता गेला तर वर्षभर अबोला धरतात. कल्याणची माणसं मोठ्या मनाची, पुऱ्यांबरोबर आमरसही दिलेला. मडगार्डवर आमरस खाणं ही एक कला आहे, ती मला साधली नाही. साडी अजून पिवळी आहे.

म्हारळ, वरप मागे पडलं, उन्हं उतरली, डोंगर जवळ आले. कांब्याच्या पुढे कच्च्या वाटेला लागल्यावर मिस्त्रींनी मला सीटवर बसवलं. शेवटचा अर्धा किलोमीटर मी चालवला! हातांना मुंग्या आल्या, आनंदाने छाती फुटायची वेळ आली. सांगून ठेवते, स्कूटर कितीही चालवा, त्यात ही मजा नाही.

दादा ओट्यावर काठी धरून बसलेला. ट्रॅक्टर दारात येईपर्यंत नुसता बघत राहिला.

"केवढा आवाज करतो," एवढंच म्हणाला.

रात्रभर तर चालू ठेवता येईना. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, त्यांनी इंजिन बंद केलं. एकदम इतकं शांत झालं की नदीकडच्या टिटव्या ऐकू आल्या. वहिनीने वालाचं बिरडं केलेलं. मी ते ताटात ढवळत बसले.

कांबा, आखिती

सकाळी सगळी हकिगत दादाला सांगितली. सेल्फ, हँडल, नाना, सगळी. मला वाटलं चिडेल. गोदामवाला नऊला यायचा होता आणि दारात एक न चालणारा ट्रॅक्टर उभा.

"म्हातारा दावं द्यायला नाय बोलला?" दादाने विचारलं.

"हो. देणार नाही म्हणाले."

"शाना माणूस आहे."

एवढं बोलून तो उठला, काठी टेकत आत गेला, आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या खांद्यावर दोन दावी होती. आपल्या हाताने वळलेली, जाड, बैलांच्या मानेच्या घामाने काळी पडलेली. तो ट्रॅक्टरपुढे बसू शकत नव्हता, खुब्यामुळे. वाकला फक्त. दोन्हींची एकमेकांना गाठ मारली, एक टोक ट्रॅक्टरच्या पुढच्या हुकाला बांधलं आणि शेजारच्या हिरूला हाक मारली. "हिरू, तुजी जोडी आन रे! तास मारायच्या आधी एक काम हाय."

हिरूचे बैल आले, शिंगांना गेरू लावलेले. त्यांनी हे लाल धूड बघितलं आणि जागच्या जागी फुरफुरले. जू आलं, दावं जुवाला बांधलं. खळ्यापासून खाचरापर्यंत थोडा उतार आहे. सीटवर मिस्त्री चढणार, तर दादाने त्यांना काठी धरायला दिली.

"मिस्त्री, राईस मिलचा ट्रॅक्टर मी दोन वर्षं चालवलेला हाय. ऑपरेशन उजव्या पायाचं झालं. क्लच डावीकडे असतो."

मिस्त्रींनी आणि आमच्या ह्यांनी त्याला दोन बाजूंनी उचलून सीटवर बसवलं. हिरूने बैलांना हाळी दिली. दावी ताणली, करकरली. मला तो नायलॉनचा दोर आठवला आणि मी डोळेच मिटले. चाकं हलली. बैल ओढत होते, उतार लागला, दादाने क्लच सोडला. भुक्क. परत भुक्क. आणि मग धडधडधड! दादाने लगेच क्लच दाबला, हिरूने जू सोडवून बैल बाजूला काढले. सगळं गाव हसत होतं. बैलांनी ट्रॅक्टर सुरू केला, असं कांब्यात कुणी पाहिलेलं नव्हतं. मी तर रडत होते, उगाच कशाला खोटं सांगू.

मिस्त्रींनी बाळकूमहून मागे बांधून आणलेलं फणाचं औत जोडलं आणि दादा पहिल्या खाचरात उतरला. टणक जमीन, ढेकळं उलटत गेली, बगळे कुठूनसे मागे आले. टोकाला जाऊन तो वळला. बांध शाबूत. पहिलं तास झालं होतं. एकच पुरतं म्हणतात. दादा थांबला नाही. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं.

नऊला पांढरी गाडी आली. गोदामवाला उतरला, बांधावर उभा राहून हात हलवू लागला. "काका! काय ठरलं?"

दादाने कानाला हात लावला. "ऐकू येत नाय!"

"काय ठरलं, काका?"

"ऐकू येत नाय!" दादा ओरडला आणि परत वळला. त्याला सगळं ऐकू येत होतं, मी बहीण आहे त्याची. गोदामवाला चार तासं होईपर्यंत थांबला, मग वहिनीने दिलेलं सरबत पिऊन गेला.

दुपारी मी नानांना फोन लावला आणि काही न बोलता मोबाईल शेताकडे धरला. बराच वेळ त्यांनी ऐकलं. "आता नीट वाजतोय," म्हणाले.

संध्याकाळी ट्रॅक्टर खळ्यात लागला, मुद्दाम उताराच्या तोंडाशी. दादा उतरला, दावी सोडायला हुकाशी वाकला. मी ती खुंटीला टांगायला हात पुढे केला.

"राहू दे," तो म्हणाला, आणि दावी सोडलीच नाहीत. ट्रॅक्टरच्या हुकाला नीट गुंडाळून, वर एक गाठ मारली.